आधी काढणी ठरवा, मग वाण : वाणनिवड समितीला खुले पत्र

प्रति,
वाणनिवड समितीचे सर्व सदस्य,
आपला घेवडा उत्पादक गट

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामासाठी पिंटो घेवड्याचं (तपकिरी ठिपक्यांच्या सुक्या दाण्याच्या घेवड्याचं) वाण ठरवायला समिती बसणार आहे, असा निरोप मिळाला. निरोपासोबत एक पानाचा तक्ता आला. पाच वाणांची नावं, पुढे हेक्टरी उत्पादन, सर्वांत जास्त उत्पादनाचं वाण सर्वांत वर आणि त्याच्याभोवती कुणीतरी पेनाने गोल केलेला. म्हणजे बैठक व्हायची आहे, पण निकाल लागलाय. मागच्या वेळीही असाच गोल आला होता आणि मीही मान डोलावली होती. तेव्हा दोष निम्मा माझाही आहे. समोरासमोर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, हे तुम्ही सगळे जाणता. लिहिताना माणूस जरा ताळ्यावर राहतो, म्हणून हे पत्र. आणि सगळ्या सभासदांनी वाचावं म्हणून ते उघड.

मागच्या हंगामात आपण तक्त्यातल्या पहिल्या नंबरचं वाण घेतलं. दुसऱ्या नंबरपेक्षा ते हेक्टरी १४० किलोंनी पुढे होतं. उगवण चांगली झाली, फुलोरा चांगला आला, शेंगा तर अशा लागल्या की येणारा-जाणारा थांबून बघायचा. दाणे भरल्यावर मात्र वेल वजनाने बसला. ओळीतली वाट दिसेनाशी झाली. शेंगा पिवळ्या पडत असताना पाऊस आला आणि खालच्या शेंगा मातीला टेकल्या. काढणीच्या दिवशी हार्वेस्टरवाल्याने पातं जितकं खाली नेता येईल तितकं नेलं. तरी मागे वळून पाहिलं तर खुंटांना अर्ध्या कापलेल्या शेंगा लटकत होत्या आणि जमिनीवर दाण्यांचा सडा होता.

घरी तारेची एक चौकट केली, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. शेतात दहा ठिकाणी ती टाकून आतले दाणे मोजले. सरासरी चौकटीत पंधरा-सोळा दाणे, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६२. पिंटोच्या शंभर दाण्यांचं वजन ३८ ग्रॅमच्या आसपास धरलं, तर हे हेक्टरी २३५ किलो होतात. ज्या १४० किलोंसाठी आपण ते वाण निवडलं होतं, त्याच्या दीडपटीहून जास्त माल रानातच राहिला. आणि हा फक्त मोकळ्या दाण्यांचा हिशेब आहे. चिखलात रुतलेल्या शेंगा मी मोजल्या नाहीत. त्या दिवशी तेवढा धीर नव्हता.

मग तक्ता खोटा होता का? तसं म्हणता येणार नाही. बऱ्याच चाचण्यांत लहान वाफे असतात आणि त्यातलं पीक हाताने उपटून किंवा मुळाखालून कापून, जपून मळतात. झाडाने जेवढं धरलं तेवढं सगळं पोत्यात येतं. आकडा खरा असतो, पण तो झाडाच्या क्षमतेचा असतो. आपल्या हार्वेस्टरच्या टाकीत किती येईल ते त्यात नसतं. त्या दोन आकड्यांच्या मधे झाडाची ठेवण उभी असते, आणि तक्त्यात नेमका त्याच गोष्टीला रकाना नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : वाणाचा विचार पेरणीकडून काढणीकडे करू नका, उलटा करा. माल कोण घेणार, कोणत्या रंगाचा घेणार, तो किती महिने पडून राहणार, कोणत्या यंत्राने निघणार, तेव्हा रान कसं असेल, हे आधी लिहून काढा. एवढं झाल्यावर पाचांतली तीन नावं आपोआप गळतील. उरलेल्या दोघांत उत्पादन बघा, माझी काही हरकत नाही.

आता ठेवणीबद्दल जरा सविस्तर, कारण मागच्या बैठकीत 'वाण वेली आहे का झुडपी' एवढ्यावर विषय संपला होता. घेवड्याच्या झाडाच्या वाढीचे चार प्रकार मानतात. पहिल्यात शेंड्याला फूल येतं आणि वाढ थांबते. हे खरं झुडूप. दुसऱ्यात वाढ चालू राहते, पण खोड ताठ असतं आणि फांद्या कमी व अंगाला धरून असतात. तिसऱ्यात वाढ चालू राहते आणि झाड आडवं पसरतं. चौथा म्हणजे आधार लागणारा चढणारा वेल. पिंटोची जुनी नावाजलेली वाणं बहुतेक तिसऱ्या प्रकारातली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचं 'बिल झी' घ्या. मोठा पसारा, भरघोस शेंगा, ओळी भरून टाकणारं झाड. वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसरच्या संशोधन केंद्रातून आलेलं 'ओथेलो' लवकर येणारं, अंगाने लहान, पण तेही पसरणारंच. ही वाणं वाईट होती असं कोण म्हणेल? त्यांच्या काळची काढणीच वेगळी होती. जमिनीखाली दोन बोटांवर पातं फिरवून मुळं तोडायची, झाडं ओळीत गोळा करायची, दोन-चार दिवस वाळू द्यायची, मग उचलणाऱ्या यंत्राने मळायची. त्या पद्धतीत शेंग जमिनीला टेकली तरी फारसं बिघडत नाही, कारण पातं शेंगेच्याही खालून जातं.

मग माणसं थेट उभ्या पिकात हार्वेस्टर घालू लागली. एकाच फेरीत काम उरकतं, ओळीत पडलेला माल पावसात भिजण्याची धास्ती जाते, माती आणि खडे मालात कमी येतात. पण पातं जमिनीच्या वर चार-पाच बोटांवर चालतं, आणि त्याच्या खाली असलेली प्रत्येक शेंग आपली नसते. इथून पैदासकारांची सगळी नजर दुसऱ्या प्रकारच्या झाडावर गेली. काळ्या घेवड्यात ताठ झाड आधीपासून होतं. पिंटोत ते आणताना दाणा बारीक व्हायचा, ठिपक्यांचा रंग बिघडायचा, म्हणून वेळ लागला. नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठाची 'लॅरिएट' आणि 'स्टॅम्पीड', ज्यांची नोंदणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, मिशिगन राज्य विद्यापीठाचं २०१२ चं 'एल्डोराडो', खासगी कंपनीचं 'ला पाझ' ही सगळी त्याच खटपटीची फळं. यातलं कोणतं घ्या असं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की नॉर्थ डकोटा हे अमेरिकेतलं सुक्या घेवड्याचं सर्वांत मोठं राज्य, तिथे पिंटोच सर्वांत जास्त, आणि तिथल्या वाण-माहितीत झाडाची ठेवण आणि लोळण्याचा (झाड आडवं पडण्याचा) गुण उत्पादनाच्या शेजारी छापलेला असतो. आपल्या तक्त्यात तो का नाही?

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल की हा एकच सूर लावून बसलाय. आपल्यातल्या तिघा-चौघांकडे मुळाखालून कापायचं अवजार अजून चालू स्थितीत आहे. त्यांची जमीन सपाट आणि बिनखड्याची आहे, काढणीच्या वेळी आभाळही बहुतेक कोरडं असतं. त्यांनी पसरणारं वाण घेतलं तर ते मूर्खपणाचं अजिबात नाही. पसरणारं झाड ओळीतली मोकळी जागा लवकर झाकतं, तणाला डोकं वर काढू देत नाही, मधे दोन झाडं मेली तर शेजारची त्यांची जागा भरून काढतात. ताठ झाड तसं भरत नाही. ते विरळ पेरलं की विरळच राहतं, आणि मधल्या उन्हात तण मजा मारतं. म्हणजे ताठ वाण घ्यायचं तर ओळी जवळ आणायच्या, झाडांची संख्या राखायची आणि रान सपाट करून ठेवायचं. ढेकळांवरून पातं खाली जाणार नाही. पेरणीनंतर जमीन दाबून सपाट करायचा कंटाळा केला, तर ताठ वाणाचा निम्मा फायदा तिथेच गेला. वाण बदललं आणि मशागत तीच ठेवली, असं करून मग वाणाला शिव्या घालू नका.

बियाण्याचा खर्चही इथेच येतो. हेक्टरी पावणेदोन लाखांच्या आसपास झाडं उभी राहावीत, असं धरू. उगवणीतली आणि पुढची तूट धरून दोन लाख दाणे टाकावे लागतील. शंभर दाण्यांचं वजन ३४ ग्रॅम असेल तर ६८ किलो बी लागेल, ४२ ग्रॅम असेल तर ८४ किलो. एकाच पिकाच्या दोन वाणांत हेक्टरी १६ किलोंचा फरक! मागच्या वेळी सगळ्यांना किलोवर बी वाटलं गेलं. ज्यांच्या वाट्याला मोठ्या दाण्याचा लॉट आला त्यांची रानं विरळ दिसली आणि दोष उगवणशक्तीवर गेला. दाणे मोजून बी वाटा. शंभर दाणे काट्यावर ठेवायला पाच मिनिटं लागतात.

दिवसांबद्दल थोडक्यात. पिंटोची बहुतेक वाणं ९० ते १०५ दिवसांत येतात. हे दोन आठवडे कुणाला क्षुल्लक वाटतील. पण जमीन १५-१६ अंशांच्या वर गेल्याशिवाय पेरता येत नाही, थंड मातीत बी नुसतं कुजत पडतं. आणि दुसऱ्या टोकाला दव गोठवणारी थंडी पडली की भरत असलेली शेंग तिथेच संपते. या दोन टोकांत हंगाम किती दिवसांचा, ते ज्याने-त्याने आपल्या रानापुरतं मोजावं. उलट जिथे उन्हाळा कडक, तिथे फुलोरा कोणत्या आठवड्यात येतो ते बघा. दिवसा पारा तिशीच्या वर चढून राहिला आणि रात्रीही उकाडा असला, की घेवडा फुलं गाळतो. अशा वेळी लवकर येणारं वाण कधी वाचवतं, कधी नेमकं उन्हात सापडतं. म्हणून सगळ्या गटाने एकाच दिवसांचं वाण लावू नये. हार्वेस्टरही एकच आहे ना आपल्याकडे? सगळ्यांचं पीक एकाच आठवड्यात वाळलं, तर शेवटच्या सभासदाचा दाणा शेंगेतच तडकायला लागेल.

आता रोग. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती : 'वाण रोगप्रतिकारक आहे.' ही ओळ वाचून मला खरा राग आला. कोणत्या रोगाला? आणि त्या रोगाच्या कोणत्या जातीला?

तांबेऱ्याचं उदाहरण देतो. घेवड्याच्या तांबेऱ्याची बुरशी आपला सगळा संसार घेवड्यावरच करते, तिला गव्हाच्या तांबेऱ्यासारखं दुसरं झाड लागत नाही. त्यामुळे जिथे घेवडा दरसाल असतो तिथे तिच्या नव्या जाती तयार व्हायला रान मोकळं मिळतं. नॉर्थ डकोटात अनेक वर्षं 'यूआर-३' नावाच्या जनुकाने पिकाला चांगलं सांभाळलं. २००८ मध्ये तिथे तांबेऱ्याची अशी जात सापडली की तिच्यापुढे हे जनुक चालेना. वाणं तीच होती, बियाणं तेच होतं, फक्त आधीच्या वर्षाचा 'प्रतिकारक' हा शब्द शिळा झाला. 'यूआर-११' सारखं दुसरं जनुक त्या जातीपुढे टिकलं, म्हणून पैदासकार आता दोन-दोन, तीन-तीन जनुकं एका वाणात गोवायला बघतात. आपल्याला जनुकांची नावं पाठ नसली तरी चालेल. पण बियाणं देणाऱ्याला विचारायला हवं : हा प्रतिकार कोणत्या वर्षी, कुठल्या तांबेऱ्यावर तपासलाय? उत्तर आलं नाही, तर तो रकाना रिकामाच सोडा.

पांढऱ्या बुरशीचं प्रकरण निराळं आहे. तिच्यावर पूर्ण प्रतिकार असलेलं पिंटो वाण नाही, असतो तो थोडाफार सोसण्याचा गुण. ही बुरशी गळलेल्या फुलाच्या पाकळीवर रुजते आणि तिथून खोडात शिरते. तिचे काळे, उंदराच्या लेंडीसारखे गोळे जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरीवर्गातली पिकं, वाटाणा, सगळं तिला चालतं, त्यामुळे नुसत्या फेरपालटीने ती जात नाही. तिला हवी असते दाट सावली आणि खाली साचून राहिलेली ओल. म्हणजे पुन्हा ठेवणीकडेच आलो. ताठ झाडाच्या बुंध्याशी वारा खेळतो, पान लवकर सुकतं, आणि रोग काही प्रमाणात टळतो. पण मी वर ओळी जवळ आणा म्हटलंय, आणि जवळच्या ओळींनी ओल कोंडते. दोन्ही खरं आहे. ज्याच्या रानात ही बुरशी आधी दिसली आहे त्याने ओळी जरा मोकळ्या ठेवाव्यात, पाणी आणि नत्र आवरून द्यावं आणि तण वेगळ्या मार्गाने काढावं. एकाच कागदावर सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही, तो यामुळेच.

काही रोगांत मात्र वाणापेक्षा बियाणं कुठून आलं याला जास्त किंमत आहे. जिवाणूजन्य करपे बियाण्यातून येतात. मोझॅक विषाणूही बियाण्यातून येतो आणि पुढे मावा तो पसरवतो. अमेरिकेत घेवड्याचं बियाणं आयडाहोसारख्या कोरड्या राज्यात का पिकवतात? तिथे हंगामात पाऊस कमी, पाणी सरीतून देता येतं, पान कोरडं राहतं, म्हणून करप्याला वाव मिळत नाही; आणि तिथले बियाण्याचे तपासणी नियमही कडक आहेत. आपल्यातले काहीजण म्हणतात, घेवडा स्वतःच्याच परागाने फळतो, वाण बदलत नाही, मग घरचं बी का नको? वाण बदलत नाही हे खरं. पण दाण्याच्या पोटात गेलेला करपा बाहेरून दिसत नाही, आणि बी जितक्या वर्षांचं घरचं, तितक्या वर्षांचा साठा त्यात. शिवाय काही वाणांचं बी राखण्या-विकण्यावर कायद्याचं बंधन असतं, तेही आधी बघावं. मी स्वतः दोन वर्षं घरचं बी वापरलं. तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या, भोवती पिवळी कड. तेव्हापासून प्रमाणित बी घेतो.

जमिनीचं एक वाक्य राहिलं. घेवड्याला खार सोसत नाही, साचलेलं पाणी एक-दोन दिवसही सोसत नाही. आणि बाकीच्या कडधान्यांच्या मानाने तो हवेतलं नत्र धरण्यात आळशी आहे. चोपणीच्या, म्हणजे खारवट आणि पाणी न मुरणाऱ्या तुकड्याला वाण शोधत बसू नका, तिथे दुसरं पीक घ्या.

आता रंग. हा मुद्दा समितीत निघतच नाही, आणि माझ्या मते पिंटोत उत्पादनाखालोखाल महत्त्वाचा हाच आहे. पिंटो म्हणजे स्पॅनिशमध्ये रंगवलेला, ठिपक्यांचा. फिकट मलईसारख्या अंगावर तपकिरी शिंतोडे. घेणारा पोतं उघडतो, मूठभर दाणे हातावर घेतो आणि आधी अंगाचा रंग बघतो. अंग पांढुरकं असेल तर माल ताजा, तांबूस-तपकिरी असेल तर जुना. शिजवून कुणी बघत नाही. गंमत अशी की तो दाणा गेल्या महिन्यात काढलेला असला तरी तपकिरी दिसू शकतो. टरफलातले टॅनिनवर्गीय घटक हवेने, उजेडाने, उष्णतेने आणि ओलीने काळवंडतात. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला तर दाणा शेंगेत असतानाच हे सुरू होतं. आणि घेणारा अगदीच चुकीचा असतो असंही नाही. गरम, दमट जागी पडून राहिलेला दाणा खरोखरच उशिरा शिजतो.

मागच्या वर्षी माझी निम्मी पोती गोदामात छताच्या काचेखाली होती. चार महिन्यांनी बघतो तर वरच्या थराची उजेडाकडची पोती चहाच्या रंगाची झाली होती, आणि त्यांच्या मागची, अंधारातली, बऱ्यापैकी फिकट. एकाच शेतातला, एकाच दिवशी निघालेला माल. व्यापाऱ्याने दोन ढीग केले आणि दोन भाव सांगितले. भांडायला जागा नव्हती. मीही घेणारा असतो तर तेच केलं असतं.

यावर उपाय निघाला आहे आणि तो नवाही नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने 'पिंटो साल्तियो' नावाचं वाण दिलं, ज्याचा दाणा फार सावकाश काळवंडतो. दुरांगो, साकातेकास भागांत ते झपाट्याने पसरलं. हा गुण एका सुप्त जनुकावर चालतो, त्यामुळे तो दुसऱ्या वाणांत आणणं पैदासकारांना जमण्यासारखं होतं. नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठाचं 'एनडी पालोमिनो' याच गुणाचं. अशा दाण्यांच्या टरफलात ते काळवंडणारे घटक कमी असतात, आणि त्यामुळे ते साठवणीनंतरही तुलनेने लवकर शिजतात, असं आढळलंय. ज्याला काढणी झाल्या-झाल्या माल विकायचा आहे, त्याला याचा फारसा उपयोग नाही. पण आपला गट तर भावाची वाट बघत पाच-सहा महिने माल धरून ठेवतो! मग आपल्याइतकी या वाणाची गरज कुणाला असणार?

दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्या लागतील. सावकाश काळवंडणारा आणि साधा माल एकाच ढिगात मिसळायचा नाही. सुरुवातीला दोन्ही सारखे दिसतील, आणि तीन महिन्यांनी पोत्यात दोन रंगांचे दाणे दिसायला लागतील. मग त्याला ना या वर्गाचा भाव, ना त्या. हार्वेस्टर आणि चाळणी दोन मालांच्या मधे झाडून घ्यावी लागेल, पोत्यांवर खूण करावी लागेल. दुसरं, घेणाऱ्याशी आधी बोला. फिकट रंगाला तो जास्त देणार का, की नुसता 'छान आहे' म्हणणार? नुसतं छान म्हणणार असेल तर उत्पादनात तोटा सोसून हे वाण घ्यायचं कारण नाही.

तक्ता कसा वाचावा यावरही बोलतो, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तक्ता येईलच. चांगल्या चाचणीच्या तक्त्याखाली किमान लक्षणीय फरकाचा आकडा असतो. समजा एका वाणाचं उत्पादन २४५०, दुसऱ्याचं २३१०, आणि खाली तो आकडा ३०० आहे. याचा अर्थ या दोन वाणांत खरा फरक आहे असं म्हणता येत नाही. वरचं वर आहे ते वाफ्याच्या मातीमुळे, पाण्यामुळे किंवा नुसत्या नशिबानेही असू शकतं. आपल्याकडे आलेल्या पानावर हा आकडा छापलेलाच नव्हता. कुणीतरी मूळ अहवालातून फक्त वरच्या ओळी उतरवल्या. एकाच वर्षाचे, एकाच ठिकाणचे आकडे तर मी बघणारच नाही. तीन वर्षं आणि चार ठिकाणं यांत जे वाण नेहमी तक्त्याच्या वरच्या एक-तृतीयांशात राहतं, ते मला एका वर्षीच्या पहिल्या नंबरापेक्षा जवळचं. कधी पहिला, कधी तळाला, असं वाण विम्याच्या भरवशावर शेती करणाऱ्याने घ्यावं.

तेव्हा समितीकडे माझं मागणं असं. पेनाने केलेला तो गोल पुसा. मूळ अहवाल मागवा, पूर्ण, खालच्या टिपांसकट. तक्त्यात झाडाची ठेवण, लोळण्याचा गुण, दिवस, शंभर दाण्यांचं वजन, तांबेऱ्याचा तपशील आणि साठवणीतला रंग हे रकाने घाला. माहिती नसेल तिथे रकाना रिकामा दिसू दे. सगळ्या गटाला एकच वाण लादू नका. थेट हार्वेस्टर लावणाऱ्यांसाठी एक ताठ वाण, मुळाखालून कापणाऱ्यांसाठी त्यांच्या पसंतीचं, आणि जे माल धरून ठेवतात त्यांच्यासाठी सावकाश काळवंडणाऱ्याचा थोडा तुकडा, एवढं तर या हंगामात जमेल. माल वेगवेगळा ठेवायचा त्रास होईल, मान्य. मागच्या वर्षी रानात सोडलेला माल आठवला की तो त्रास मला मोठा वाटत नाही.

आणि आपली स्वतःची चाचणी सुरू करू या. वाफे नकोत, हार्वेस्टरच्या रुंदीचे लांब पट्टे, दोन वाणं शेजारी-शेजारी, तीनदा आलटून-पालटून, नेहमीच्याच यंत्राने काढलेले. प्रत्येक पट्ट्याचा माल वेगळा तोलायचा आणि मागे राहिलेले दाणे चौकटीने मोजायचे. दाण्यात १५ ते १८ टक्के ओल असताना काढायचं, त्याहून वाळला की दाणा फुटतो आणि त्याचा दोषही वाणावर जातो. बांधालगतचा माझा सपाट तुकडा या कामाला देतो. तारेची चौकट आहेच, आणखी चार करून देईन. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गोदामातला मूठभर पिंटो खिशात घालून आणावा, आणि पोतं अंधारात होतं की उजेडात तेही सांगावं. टेबलावर ओळीने ठेवून बघू.

आपला,
गटाचा एक सभासद